हाताशी असलेल्या दोन बॅटऱ्या

बॅटरी हा काही वाङ्मयाचा विषय नव्हे, असे आमचे काही सन्मित्र म्हणतील. चंद्र, पहिला पाऊस, गावाकडची विहीर असे सोज्ज्वळ विषय सोडून शिशाच्या पत्र्यांनी आणि गंधकाम्लाने भरलेल्या काळ्या पेट्यांवर कोणी निबंध लिहू लागला, तर संपादकांनी तो 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' वीज कंपनीकडे पाठवावा, असा शेराही एखादा मारील. पण आम्ही पडलो केंद्र सरकारचे कारकून. आमच्या वाट्याला येणारे विषय आम्ही निवडलेले नसतात. ते टपालाने येतात, त्यांना आवक क्रमांक असतो आणि त्यांच्यावर वरिष्ठांची लाल शाईतली खूण असते. त्यांतले बहुतेक संध्याकाळी कपाटात बंद होतात. एखादाच असा निघतो की, तो बसमधून आपल्याबरोबर घरी येतो आणि जेवताना पानासमोर बसतो. बॅटऱ्यांचा हा विषय त्यांपैकी होता.

ज्या शहरात आम्ही नोकरीनिमित्त येऊन राहिलो आहो, त्या बंगळूरला विजेचे कौतुक फार जुने. कावेरीवर शिवसमुद्रम येथे १९०२ साली वीजनिर्मिती सुरू झाली, ती वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. आणि १९०५ साली बंगळूरचे रस्ते तिने उजळले. परंतु तार जेथे पोचत नाही तेथे वीज पेटीत भरून न्यावी लागते. ती विद्या तर याहूनही जुनी. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली पुनःपुन्हा भरता येईल अशी शिसे-आम्लाची बॅटरी सिद्ध केली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तरी त्याच कुळातली पेटी आजही मोटारीच्या टपाखाली, घरच्या इन्व्हर्टरशेजारी आणि ज्या वाहनाविषयी आम्ही सांगणार आहो त्या बग्गीच्या आसनाखाली निमूटपणे बसलेली आढळते.

बग्गी म्हणजे मूळची गोल्फच्या मैदानावरची विजेची गाडी. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात तिचा प्रसार झाला. बंगळूरला गोल्फ त्याच्या कितीतरी आधी आला. येथील बंगळूर गोल्फ क्लब १८७६ सालचा आहे. पण आता ही गाडी गोल्फ न खेळणाऱ्यांचीच अधिक झाली आहे. लालबागेत गुडघे धरलेल्या आजीआजोबांना ती काचघरापर्यंत नेते. मोठ्या रुग्णालयांत, कारखान्यांत, विद्यापीठांच्या आवारांत ती पाहुण्यांना हिंडवते. आवाज नाही, धूर नाही, वेग बेताचा. सरकारी खात्याने वाहन घडवले असते तर ते बहुधा असेच झाले असते.

शहराच्या एका टोकाला एका केंद्रीय संस्थेचे विस्तीर्ण आवार आहे. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील भांडार शाखेत आम्ही लिपिक आहो. मुख्य फाटकापासून आतल्या इमारती दूर असल्यामुळे संस्थेने एक बग्गी घेतली. आली तेव्हा ती अगदी साधी होती : आसने, चाके, आणि आसनाखाली प्रत्येकी ६ व्होल्टच्या ८ बॅटऱ्या. या आठही एकसर जोडलेल्या, म्हणजे एकीचा धन ध्रुव दुसरीच्या ऋण ध्रुवाला, अशा साखळीने बांधलेल्या होत्या. आणि साखळीच्या दोन टोकांमध्ये ४८ व्होल्टचा दाब मिळे. त्यावर मोटार चाले.

मग गाडीला अलंकार चढू लागले. सायंकाळच्या फेऱ्यांसाठी पुढे दोन दिवे आले. कर्णा आला. मागे जाताना टूंटूं करणारे यंत्र आले. पाहुण्यांना माहिती सांगण्यासाठी ध्वनिक्षेपक आला, आणि एका उन्हाळ्यात चालकाच्या डोक्यावर छोटा पंखाही आला. हे सर्व साहित्य मोटारीच्या बाजारातले, म्हणून १२ व्होल्टचे. गाडी मात्र ४८ व्होल्टची. बसविणाऱ्या कारागिराने विचार केला असावा की सहा आणि सहा बारा. तेव्हा हाताशी असलेल्या शेवटच्या दोन बॅटऱ्यांना तारा जोडल्या की काम झाले. आणि काम झालेही. दिवे लागले, कर्णा वाजला, देयक मंजूर झाले.

पुढे काय झाले ते आमच्या साठा-नोंदवहीत लिहिले आहे. तीन वर्षांत तीनदा बॅटऱ्या बदलल्या. प्रत्येक वेळी दोन. तिसऱ्या मागणीपत्राच्या वेळी वरून विचारणा झाली की इतक्या बॅटऱ्या लागतात कशा? विचारणेला उत्तर हवेच असते, आणि सर्वांत सोपे उत्तर म्हणजे सर्वांत खालचा माणूस. चालक बॅटऱ्यांत वेळेवर पाणी घालीत नाही, असे ठरले. तो कंत्राटदाराकडचा. वसुली कंत्राटदाराच्या देयकातून होणार आणि कंत्राटदार ती चालकाच्या पगारातून हप्त्यांनी कापणार. पहिला हप्ता कापलाही गेला. उरलेल्या वसुलीच्या ज्ञापनाचा मसुदा करण्याचे काम आमच्याकडे आले.

हा चालक कोलारकडचा, पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. आमचे कन्नड भाजी बाजारापुरते आणि त्याचे हिंदी त्याहून थोडे कमी. त्यामुळे आमचा परिचय नमस्कारापुरताच. त्याने आमच्या टेबलापाशी येऊन काही गाऱ्हाणे सांगितले नाही. एक लहान वही मात्र ठेवली. तीत दर शनिवारची तारीख आणि 'नीरु' एवढा एकच शब्द होता. 'नीरु' म्हणजे पाणी, इतके कन्नड आम्हांस येत होते.

हस्ताक्षराची वही हा काही पुरावा नव्हे, असे आमचे वरिष्ठ म्हणाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पण साठा-नोंदवही तर आमची होती. तीत प्रत्येक बॅटरीचा गाडीतला क्रमांक नोंदविण्याची चाल आमच्या आधीच्या एका काटेकोर लिपिकाने पाडून ठेवली होती. तिन्ही वेळा बदललेल्या बॅटऱ्यांचे क्रमांक एकच : सात आणि आठ. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. विजेचे आमचे ज्ञान शाळेत संपले. पण इतका तर्क वाणिज्यालाही येतो की, जो मनुष्य पाणी घालण्यात कसूर करील तो आठांतल्या सहांना नेमाने पाजून दोघींनाच तीन वर्षे तहानलेल्या ठेवणार नाही.

मसुदा आम्ही बाजूला ठेवला, आणि त्या रविवारी कलासिपाळ्याकडच्या एका मेस्त्रींना गाठले. हे गृहस्थ बंगळूरच्या जुन्या मराठी कुटुंबातले. कित्येक पिढ्या येथे गेल्यामुळे त्यांच्या मराठीला कन्नडचा हेल आहे आणि 'मेस्त्री' हेच त्यांचे सर्वमान्य नाव. आम्ही नोंदवहीतील उतारा वाचून दाखविला. त्यांनी तो पुरता ऐकलाही नाही.

"साहेब, दिव्याची तार कुठं जोडली हाय?" त्यांनी विचारले.

"शेवटच्या दोन बॅटऱ्यांना."

"मग त्याच जाणार की हो. चालकानं पाणी घातलं काय, अमृत घातलं काय."

नंतर त्यांनी जे समजावून सांगितले ते आम्ही आमच्या भाषेत मांडतो. एकसर जोडलेल्या साखळीत प्रवाह एकच असतो. गाडी चालते तेव्हा आठही बॅटऱ्यांतून सारखी वीज वाहते, आणि आठही सारख्या रित्या होतात. येथवर न्याय आहे. परंतु दिवे, पंखा आणि ध्वनिक्षेपक हे सात आणि आठ यांच्याकडूनच घेतात. म्हणजे या दोघी गाडी ओढण्याचे काम सर्वांबरोबर करतात आणि दिव्यांचे काम एकट्या करतात.

हिशेब मांडून पाहण्याची आम्हांस खोड आहे. सर्व अलंकार मिळून १२० वॅट वीज खातात असे धरले, तर १२ व्होल्टवर तो प्रवाह १० अँपिअर झाला. चार तासांच्या फेऱ्यांत ४० अँपिअर-तास गेले. या जातीच्या बॅटरीची धारणाशक्ती साधारण २०० अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे गाडी ओढण्याचा सामाईक खर्च निराळा, आणि या दोघींच्या पदरची पाचव्या हिश्श्याची गळती निराळी. रोज.

कोणी म्हणेल, रात्री गाडी भरायला लावली की सर्व सारखे होईल. खरी मेख येथेच आहे. भरताना प्रवाह पुन्हा साखळीतूनच जातो, म्हणून आठांनाही सारखाच मिळतो. वाढपी पंगतीत सर्वांना सारखेच डाव वाढीत चालला आहे असे समजा. आठ पानांपैकी सहा माणसे घरून थोडे खाऊन आलेली, दोन शेतात राबून आलेली. बहुतेकांनी 'पुरे' म्हटले की वाढपी थांबतो. ती दोन माणसे अर्धपोटी उठतात. त्यांच्यासाठी वाढपी आणखी वाढू लागला, तर उरलेल्या सहांना अजीर्ण होते. भारक यंत्राचे असेच आहे. त्याला दिसतो फक्त साखळीचा एकूण दाब. सहा बॅटऱ्या भरल्या की हा दाब चढतो आणि यंत्र थांबते. न थांबले तर त्या सहांतील पाणी वायू होऊन उडते आणि त्यांची पत्री झिजतात.

उपाशी राहिलेल्या बॅटरीचे दुखणे रसायनशास्त्राचे आहे. वीज देताना शिशाच्या पत्र्यांवर लेड सल्फेट जमते आणि भरताना ते विरघळून पुन्हा कामास येते. पण बॅटरी पुरी भरलीच नाही तर उरलेल्या सल्फेटचे स्फटिक दिवसेंदिवस टणक होत जातात, आणि मग ते कोणत्याही प्रवाहाला दाद देत नाहीत. तितकी जागा कायमची गेली. त्यातच चढावर मोटार जोराची मागणी करते तेव्हा या दोघी आधी रित्या होतात. बाकीच्या सहा मात्र प्रवाह रेटीतच असतात, आणि रित्या घटातून तो रेटला गेला की त्याचे ध्रुवच उलटू लागतात. त्या धक्क्यातून घट क्वचितच सावरतो.

आणि हे सर्व बाहेरून दिसत नाही, याचे आम्हांस विशेष वाटले. भरून काही तास विसावलेली ६ व्होल्टची बॅटरी सुमारे ६.३५ व्होल्ट दाखवते. आठांचे मिळून ५०.८. आता सहा पूर्ण भरलेल्या आणि दोन प्रत्येकी ६ व्होल्टवर थबकलेल्या असल्या, तर बेरीज ५०.१ येते. चालकासमोरचा काटा एवढ्या फरकाने हलल्यासारखाही वाटत नाही. सरासरी समाधानकारक असते. सरकारी अहवाल लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाक्य अपरिचित नाही.

उपायांची चर्चा करताना मेस्त्रींनी आमच्याकडून एकेक शंका वदवून घेतली. दर महिन्याला बॅटऱ्यांच्या जागा बदलल्या तर? झीज वाटली जाईल खरी, पण त्या त्या महिन्यातले उपास चुकणार नाहीत. शिवाय जड पेट्या उचलायला कोणी हौसेने येत नाही. मध्ये रोधक घालून ४८ व्होल्टचे १२ करावेत? तर ३६ व्होल्ट रोधकात जळतील. १२० वॅटचे दिवे लावण्यासाठी ३६० वॅटची शेगडी आसनाखाली पेटेल. दिव्यांसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी ठेवावी? हा उपाय चांगला. मात्र तिला निराळे भारक यंत्र हवे आणि ती रोज आठवणीने भरणारा माणूस हवा.

उरला तो उपाय त्यांच्या मते खरा. ४८ व्होल्ट आत घेऊन १२ व्होल्ट बाहेर देणारा 'डीसी-डीसी कन्व्हर्टर' हातात मावेल एवढ्या पेटीत मिळतो. त्याच्या आत येणाऱ्या तारा साखळीच्या दोन टोकांना जोडावयाच्या, मधल्या कोणत्याही बॅटरीला नव्हे. मग दिव्यांचा भार आठांवरही सारखा पडतो. हिशेब पुन्हा मांडला : १२० वॅट भागिले ४८, म्हणजे अडीच अँपिअर, रूपांतरातली दहा टक्क्यांची गळती धरून पावणेतीनच्या आसपास. चार तासांत ११ अँपिअर-तास. पूर्वी दोघींना ४० लागत. आता प्रत्येकीला ११. एकूण वीज थोडी अधिकच खर्च होते, कारण कन्व्हर्टरही आपली दलाली घेतो. पण कोणी एकटी मरत नाही.

ज्या वाचकांच्या संस्थेत अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी मेस्त्रींच्या चार सूचना येथे नोंदवून ठेवतो. कन्व्हर्टर भाराच्या दुपटीच्या क्षमतेचा घ्यावा. आमच्या भारास १२ व्होल्टवर २० अँपिअरचा पुरतो. तो आतील व बाहेरील बाजू विजेच्या दृष्टीने अलग ठेवणारा असावा. कारण अशा गाड्यांत साखळीचा ऋण ध्रुव बहुधा सांगाड्याला जोडलेला नसतो, आणि मोटारीप्रमाणे सांगाडाच परतीची तार म्हणून वापरला तर घोटाळा होतो. साखळीच्या टोकापाशीच फ्यूज बसवावा, आणि कन्व्हर्टरच्या आत येणाऱ्या तारेवर खटका असावा, कारण काही काम नसतानाही हे यंत्र थोडी वीज पीत राहते. शिवाय जुने दिवे काढून एलईडी लावावेत. भार मुळातच कमी झाला तर वाटणीचा प्रश्न लहान होतो.

यात काही नवे आहे असे नाही, आणि ते बंगळूरला तर मुळीच नवे नाही. १९९४ साली याच शहरात स्थापन झालेल्या रेवा कंपनीने २००१ साली आपली छोटी विजेची मोटार बाजारात आणली. बोम्मसंद्र येथील कारखान्यात ती तयार होई. २००४पासून लंडनच्या रस्त्यांवर ती 'जी-विझ' या नावाने धावली. २०१० साली ही कंपनी महिंद्र समूहाकडे गेली. त्या मोटारीच्या आसनाखालीही ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्याच होत्या, आणि दिवे, वायपर इत्यादी १२ व्होल्टच्या साहित्यासाठी कन्व्हर्टरची योजना केलेली होती. म्हणजे जी गोष्ट त्या कारखान्यात विचारपूर्वक केलेली होती, तीच आमच्या आवारात दोन तारांच्या सोयीपुढे कोणास सुचली नाही. उत्तरेकडे नेमणूक झालेल्या आमच्या वाचकांनी ई-रिक्षा पाहिल्या असतील. त्यांत बहुधा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात, आणि तेथे तर एकच बॅटरी नेमकी १२ व्होल्टची असल्यामुळे तिलाच दिवा जोडण्याचा मोह अधिक. लिथियमच्या साखळीलाही मधूनच तार जोडू नये. तिच्यावर देखरेख करणारे यंत्र घटांतील ही विषमता सावरता सावरता थकते, आणि शेवटी गाडीच बंद पाडते.

आम्ही ज्ञापनाचा मसुदा केला नाही, टिप्पणी केली. टिप्पणीत विशेषण एकही नव्हते. नोंदवहीतील तीन नोंदी, आठांपैकी त्याच दोन क्रमांकांची पुनरावृत्ती, जोडणीचा आराखडा आणि वरील हिशेब, एवढेच होते. सोबत मेस्त्रींनी हायड्रोमीटरने घेतलेली आठही बॅटऱ्यांच्या आम्लाची विशिष्ट गुरुत्वे जोडली. भरलेल्या घटात हा आकडा साधारण १.२६५ ते १.२८० असतो. सहांचे आकडे या घरात होते. आणि काही महिन्यांपूर्वीच नव्या बसविलेल्या सात-आठचे १.२००च्याही खाली. सर्व घटांत पाण्याची पातळी मात्र सारखी, काठोकाठ योग्य. चालकाच्या वहीतील 'नीरु' हा शब्द शेवटी त्या पातळीने शाबीत केला.

टिप्पणी वर गेली, तशीच आठ दिवसांनी खाली आली. तिच्यावर 'तांत्रिक कारण मान्य. वसुली स्थगित' असा शेरा होता. कन्व्हर्टर एस. पी. रोडवरच्या बाजारातून आला. त्याची किंमत एका बॅटरीच्या किमतीहून कमी होती, हे मागणीपत्र पाहणाऱ्या प्रत्येकाने निरनिराळ्या मुद्रेने वाचले. मेस्त्रींनी मधल्या तारा काढल्या, सात आणि आठ या दोघींना निराळ्या भारकावर रात्रभर सावकाश भरून इतर सहांच्या पंक्तीला आणले, आणि मगच साखळी जोडली. त्या गोष्टीला आता पंधरा महिने झाले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आठांचेही आकडे वहीत चढतात, आणि ते एकमेकांपासून फारसे दूर जात नाहीत.

एक गोष्ट मात्र राहिली. चालकाच्या पगारातून कापलेला पहिला हप्ता परत मिळाला नाही. कंत्राटदाराचे ते देयक संमत होऊन वर्ष बंद झाले होते, आणि बंद झालेले वर्ष उघडण्याची किल्ली कोणत्याही लिपिकापाशी नसते. आम्ही दोनदा लिहिले. दोनदा 'नोंद घेतली' असे उत्तर आले. चालकाने त्याविषयी एक अक्षरही काढले नाही. तो आता शनिवारी पाणी घातल्यावर वही घेऊन आमच्याकडे येतो आणि आमची आद्याक्षरे घेऊन जातो. त्याची ही सावधगिरी आम्हांस योग्यच वाटते.

या प्रकरणाने आम्हांस एक दृष्टी दिली, आणि ती आता काही केल्या जात नाही. जेथे जावे तेथे आम्ही सात आणि आठ शोधू लागलो आहो. बहुतेक कार्यालयांत दाराजवळ बसणारा एक सहायक असतो. शाखेचे नेमून दिलेले काम तो इतरांइतकेच करतो. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्ता सांगणे, दूरध्वनी घेणे, कोणाची फाईल कोठे आहे ते पाहणे हे दिवे आणि कर्णेही त्याच्याच तारेवर असतात. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. तो हाताशी असतो, एवढेच. वर्षअखेरीस शाखेची सरासरी उत्तम भरते, आणि तो मनुष्य दीर्घ रजेवर का गेला याची चौकशी होते.

आणि घरी? परमुलखात नेमणूक असलेल्या आमच्या वाचकांपैकी फार थोडे असे असतील की ज्यांच्या मागे गावाकडे कोणी एक जण आईवडिलांजवळ राहिलेला नाही. आम्ही चार भावंडे. थोरले बंधू दिल्लीस, आम्ही येथे, ताई बडोद्यास आणि धाकटा सांगलीस. पैशाचा भार चौघेही सारखा उचलतो. त्या साखळीत न्याय आहे. परंतु रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचा सिलिंडर, नळाची गळती, नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी द्यावयाचा हयातीचा दाखला, रात्री दोन वाजता वडिलांना आलेली घेरी, ही बारा व्होल्टची कामे. ती स्वभावतःच जवळच्या तारेकडे जातात.

बग्गीची ही हकीकत आम्ही एका रविवारी फोनवर आईला सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतली, आणि म्हणाली, "अरे, म्हणजे आपला धाकटा सात नंबर की रे. आणि त्याची बायको आठ."

आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण त्या वाक्यावर टिप्पणी करण्यासारखे आम्हां पदवीधरांपाशी काही उरले नव्हते. दिवाळीत चौघे एकत्र आलो तेव्हा तारांची नवी जोडणी झाली. विजेचे, फोनचे आणि घरपट्टीचे भरणे ताईकडे गेले. निवृत्तिवेतन, विमा आणि बँक यांचा पत्रव्यवहार थोरल्या बंधूंनी घेतला. त्यांची सारी हयात पत्रव्यवहारात गेलेली आहे. औषधांची यादी आणि डॉक्टरांच्या तारखा आमच्याकडे आल्या. शिवाय वर्षातून एक पंधरवडा प्रत्येकाने सांगलीस राहावयाचे आणि त्या पंधरवड्यात धाकट्याने व सूनबाईंनी घर सोडून कोठेही जावयाचे, असे ठरले. यात गळती आहे. दुरून मागविलेली गोळी कधी चुकीच्या मात्रेची येते, ताईचा भरणा एखाद्या वेळी दोनदा होतो, आमच्या प्रवासखर्चात धाकट्याने तेच काम दहादा केले असते. कन्व्हर्टरच्या दहा टक्क्यांचा हिशेब आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवला होता, म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

पहिला पंधरवडा आमच्या वाट्याला आला आहे. वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढावयाचा आहे. धाकटा आणि सूनबाई मुलांना घेऊन गणपतीपुळ्यास जाणार आहेत. लग्नानंतर ती दोघे समुद्रावर गेलेली नाहीत. आमची अर्जित रजा मंजूर होऊन आली, आणि मिरजेकडे जाणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचे तिकीटही मिळाले. निघण्यापूर्वी शनिवारची वही कोणाच्या सहीने चालावी एवढाच प्रश्न होता. दाराजवळच्या सहायकाने ते काम आपण होऊन मागितले. आम्ही ते शाखेच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या गृहस्थांकडे सोपविले.